नकाशावरचं पहिलं बोट

काकांनी आमच्या शाळेला नकाशा दिला तेव्हा त्याच्यावर एकच डाग होता, आणि तो डाग पडला तेव्हा मी तिथे हजर होते. खरं सांगायचं तर तो माझ्यामुळेच पडला. पण चाळीस वर्षांत हे मी कोणाजवळ बोलले नव्हते.

काका माझ्या नात्यातले नव्हेत. रायपूरच्या रेल्वे कॉलनीत ते आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचे. माझे वडील आणि ते, दोघंही नोकरीपायी विदर्भातून इकडे आलेले. काका कंट्रोल ऑफिसात होते. कोणती गाडी कुठे थांबवायची, कोणती पुढे काढायची, हे दिवसभर फोनवर सांगायचं, हे त्यांचं काम. ऑफिसात नवा नकाशा आला तेव्हा जुना त्यांनी साहेबांकडून मागून घेतला आणि घरी आणला. देशभरातल्या रेल्वेमार्गांचा, मागून कापड लावलेला, खाटेएवढा मोठा. बैठकीत तो टांगलेला असे आणि शेजारच्या खिळ्यावर एक वेताची छडी. काही दाखवायचं तर छडीनं दाखवायचं, बोट लावायचं नाही. आम्ही पोरं जवळ गेलो की काका विचारायचे, "हात धुतले का?" धुतले म्हटलं तरी बोट लावू द्यायचे नाहीत ते नाहीतच. मग हात कशाला धुवायला लावायचे, हे कोडं मला आजही सुटलेलं नाही.

एकदा उन्हाळ्याच्या सुट्ट्या तोंडावर आल्या होत्या. काकांचा मुलगा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, वाटीतली भजी खात नकाशासमोर उभा होता. मी त्याला म्हटलं, "तुह्या मामाचं गाव कुठी आहे? दाखव नं." सुट्टीत मामाकडे जायचं म्हणून तो आधीच हवेत होता. त्यानं भज्याचं बोट सरळ बडनेऱ्यावर टेकवलं. तेवढ्यात काका दारात.

छडी त्या बोटावरच बसली. एकच, पण बसली. तो रडला नाही. वाटी खाली ठेवली, मोरीवर गेला आणि कितीतरी वेळ हात धूत राहिला. मी मुकाट्यानं घरी पळाले. बडनेऱ्यावर तेलाचा गोल डाग राहिला, आणि तो मुलगा त्यानंतर नकाशाजवळ गेलेला मी कधी पाहिला नाही. पुढे तो शिकला, पुण्याला गेला, तिथलाच झाला. बापलेकांचं बोलणं कामापुरतं. त्याला एक छडी कारण होती असं मी म्हणणार नाही. पण काकांच्या घरात जवळ जायचं आणि हात लावायचा नाही, हा नियम एकट्या नकाशाचा नव्हता.

आता मी उरल्याच्या, म्हणजे रायपूरजवळच्या कारखान्यांच्या वस्तीतल्या, मिडल स्कूलमध्ये सामाजिक विज्ञान शिकवते. आमची मुलं रोलिंग मिलमध्ये पाळीवर जाणाऱ्या लोकांची. कोणी ओडिशातून आलेलं, कोणी बिहारमधून, कोणी इथल्याच बलौदाबाजारकडचं. उरल्यात काळी धूळ अशी की सकाळी पुसलेलं टेबल मधल्या सुट्टीत बोटानं नाव लिहिण्याजोगं होतं. मला स्वच्छतेचं वेड आहे, त्यामुळे माझं अर्धं आयुष्य फडकं शोधण्यात गेलं.

काकू गेल्यावर काका रायपुरातच, ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरात एकटेच होते. एक दिवस त्यांनी मला बोलावलं. खोलीच्या मधोमध एक लोखंडी ट्रंक उघडी. आत रेल्वेची जुनी टाइमटेबलं, गावोगावच्या माहितीच्या पुस्तिका, दोन जाडजूड ॲटलास, पृथ्वीचा गोल, मुठीचं भिंग. वर गुंडाळलेला नकाशा आणि छडी.

"तू भूगोल-इतिहास शिकवतं नं? घेऊन जाय हे सारं," काका म्हणाले. "इथं वाळवीच्या कामी येईन. पण एक आहे. नकाशाले पोट्ट्यांचे हात लागले नाही पाहिजे. शब्द दे."

मी शब्द दिला. मला त्यात काही चुकीचं वाटलंच नाही; उरल्याची धूळ बघता मलाही तेच हवं होतं.

आमच्या शाळांत दान आलेल्या वस्तूचा देव होतो. हार घालायचा, हात लावायचा नाही. नकाशा मी छताच्या खाली, खिडकीच्याही वर टांगला. पृथ्वीचा गोल प्लास्टिकच्या पिशवीत. ट्रंक माझ्या टेबलाखाली, किल्ली पर्समध्ये. वर्षभर मी खालून छडीनं दाखवत राहिले आणि मुलं माना वर करून बघत राहिली. दुरून डोंगर साजरे म्हणतात, पण हा डोंगर दुरून साजराही दिसत नव्हता. नुसत्या लाल-काळ्या रेघा. एकानं विचारलं, "मैडम, वो क्या मकड़ी का जाला है?" मी त्यालाच दटावलं.

मग शाळेची पुताई, म्हणजे रंगरंगोटी निघाली. पुताईवाल्या भैयानं नकाशा खाली उतरवला आणि बाकाला टेकवून ठेवून दिला. मी वर्गात आले तर सहावीतली एक मुलगी त्याच्यासमोर उकिडवी बसलेली. ही मुलगी वर्गात तोंड उघडत नसे. तिचे वडील मिलमध्ये भट्टीवर. नाक नकाशाला टेकेल इतकी जवळ जाऊन, रेघेवरून बोट सरकवत ती एकेक नाव वाचत होती. "महासमुंद... बागबाहरा... खरियार रोड..."

"हाथ हटाओ!" मी ओरडले.

तिनं बोट असं काही मागे ओढलं की माझ्या डोळ्यांसमोर मोरीवर हात धुणारा तो मुलगा उभा राहिला. मला स्वतःचाच राग आला. मग मी तिच्याशेजारी खाली बसले. "लगाओ फिर से. कहाँ तक पहुँची थी?"

"काँटाबाँजी जाना है मैडम. वहाँ नानी रहती है."

त्या दिवशी ट्रंकेची किल्ली पर्समधून निघाली ती परत गेली नाही. नकाशा मुलांच्या छातीच्या उंचीवर आला. दिलेला शब्द मी मोडला, आणि मोडला तो जाणूनबुजून.

पुढची दोन वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात गोड वर्षं. टाइमटेबलं काढून मुलं आपापल्या गावाचा प्रवास आखायची. त्यातल्या कितीतरी गाड्या बंद झालेल्या, पण गया गाठायचं तर कुठे उतरायचं, किती वेळ फलाटावर बसायचं, यावरून वर्गात प्रकरण हातघाईवर यायचं. भिंगासाठी तर रोज भांडण. नकाशा जुना, त्यावर आमचं राज्यच नव्हतं. "मैडम, छत्तीसगढ़ कहाँ गया?" या एका प्रश्नावर मी आठवडाभर इतिहास शिकवला, आणि पहिल्यांदाच कोणी जांभई दिली नाही. खाणी कुठे आहेत ते बघून रेल्वे कुठून का गेली, हे आठवीच्या पोरांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही. प्रधानपाठक, म्हणजे आमचे मुख्याध्यापक सर, दारातून ऐकून गेले आणि दुसऱ्या दिवशी आपली जुनी मासिकं घेऊन आले.

आणि एक रीतच पडून गेली. शाळेत नवीन मूल आलं की आधी नकाशापाशी. रायपूरवर बोट ठेवायचं आणि सरकवत आपल्या गावापर्यंत न्यायचं. मुलं त्याला हाजिरी म्हणायची. बडनेऱ्याच्या डागाचं त्यांना भारी कौतुक. "मैडम, ये सबसे पहला बच्चा कौन था?" मी म्हणायचे, होता एक. पुढचं सांगायची माझी हिंमत नव्हती.

उरल्याचे हात ते. काँटाबाँजीची रेघ काळी पडली, गयेची काळी पडली. रायपूरवर तर सगळ्यांचीच बोटं, त्यामुळे अक्षरं पुसट होत गेली.

अशात गेल्या हिवाळ्यात काकांचा फोन आला. मुलगा घ्यायला आला आहे, परवा पुण्याला कायमचं निघायचं. "उद्या शाळेत येऊन राहिलो मी. नकाशा एकदा पाहून घेतो. अन् नीट ठेवला नसन तर सांगून ठेवतो, वापस घेऊन जाईन."

 काकांचा स्वभाव मला माहीत. घेऊन जाईन म्हणाले म्हणजे घेऊन जाणार. वर्गाला सांगितलं तर ती काँटाबाँजीची मुलगी, आता आठवीत गेलेली, म्हणाली, "मैडम, साफ कर देते हैं ना." सगळ्यांनी आपापली खोडरबरं काढली. मीही पदर खोचून लागले. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. काळे डाग पसरले, आणि रायपूर, जे आधीच झिजलं होतं, ते माझ्याच हातानं फाटलं. कापडासकट. आठ आण्याएवढं भोक पडलं, त्यातून भिंतीचा चुना दिसायला लागला. मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी भोकाकडे.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. काका मुलाचा हात धरून आले. मुलाचे केस पांढरे झालेले, बोलणं अगदी पुण्याचं. "कशी आहेस?" म्हणाला आणि दाराशीच थांबला. आत आला नाही.

काका नकाशासमोर उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. 

"रायपूर कुठी गेलं?" त्यांनी विचारलं.

"काका, शब्द नाही पाळला मी," मी म्हटलं. "हात लावू दिले. माझी चूक आहे, पोरांची नाही. पण हा नेऊ नका."

"दिसून राहिलं मले."

तेवढ्यात ती मुलगी उठली. मी नाही सांगितलं, आपणहून उठली. "दादाजी, रायपुर यहीं है," असं म्हणून तिनं भोकात बोट घातलं. "यहाँ से चलो. महासमुंद. बागबाहरा. खरियार रोड."

"उसके बाद?" काकांनी एकदम विचारलं, कंट्रोलच्या फोनवर विचारावं तसं.

"हरिशंकर रोड. फिर काँटाबाँजी. वहाँ मेरी नानी. आगे टिटलागढ़."

काका वाकून तिचं बोट बघत राहिले. मग म्हणाले, "पूरी नौकरी ये नाम मैं फोन पे बोलता रहा, बेटा. घर में किसी को सुनाने का सूझा नहीं."

मुलांना आता जोर चढला. गया झालं, बलौदाबाजारला रेल्वेच नाही याची तक्रार झाली, आणि कोणीतरी बडनेऱ्यावर बोट ठेवून म्हणालं, "और ये सबसे पहला बच्चा! इसने तेल वाला हाथ लगाया था. मैडम बताती नहीं कौन है."

सगळी हसली. काका हसले नाहीत. दाराशी उभा असलेला त्यांचा मुलगा खिशात मोबाइल शोधायला लागला, जो त्याच्या हातातच होता.

"छडी कुठी आहे?" काकांनी विचारलं.

 मी कपाटामागून छडी काढून दिली. काकांनी ती हातात घेतली, वाकवून पाहिली आणि मुलाकडे वळले. "हे गाडीत ठेव. इथं काही काम नाही हिचं." त्यानं पुढे येऊन छडी घेतली आणि परत दाराकडे निघाला.

आता नाही तर कधीच नाही, असं मला वाटलं. "काका, त्या दिवशी मीच म्हटलं होतं त्याला. मामाचं गाव दाखव म्हणून."

काकांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "म्या विचारायले पाहिजे होतं तेव्हा," ते म्हणाले. "मारलंच पहिले." मग मुलाला हाक मारली. "थांब रे. इकडे ये. हाजिरी लाव तुही."

तो आला. पन्नाशीचा माणूस, एका हातात छडी, सहावी ते आठवीच्या पोरांमधून वाट काढत नकाशासमोर येऊन उभा राहिला. बोट उचललं आणि बडनेऱ्यापासून वीतभर अंतरावर तसंच अडवून धरलं.

"बाबा," तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांनी त्याच्या तोंडून आमची कॉलनीतली बोली ऐकली, "हात नाही धुतले म्या."

"राहू दे," काका म्हणाले, आणि त्याचं मनगट धरून ते बोट त्यांनी स्वतःच बडनेऱ्यावर टेकवलं.