लालीची पाठ

काकाजींना एखादी गोष्ट पटली नाही की ते थुंकत. तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असो की नसो. पाहुण्यांच्या अत्तराला थू, बाटलीतल्या पाण्याला थू, मॅनेजरच्या कडक इस्त्रीला थू. पाठीमागे आम्ही त्यांना थू काकाजीच म्हणायचो. घोड्यांनाही त्याची इतकी सवय झाली होती की तो आवाज कानावर पडल्याशिवाय ते चालत नसत. काकाजी थुंकले म्हणजे बोलणं संपलं, आता निघायचं, एवढं त्यांना पक्कं कळलं होतं. शहरातले पाहुणे वर बसून ‘चल चल’ करत, टाचा मारत, जनावर ढिम्म. मग मी मागे जाऊन हळूच थुंकायचो आणि सैर सुरू व्हायची.

साकोलीच्या पुढे, नागझिऱ्याच्या वाटेवर हा कॅम्प होता. सहा तंबू, एक जेवणाची शेड आणि घोड्यावरून जंगलकडेची सैर. तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून जायचं, धानाच्या बांध्यांना वळसा घालायचा, मोहाच्या झाडांमधून परत यायचं. दोन घोडे मालकाचे होते. तिसरी लाली, तांबडी घोडी, काकाजींची स्वतःची. तिच्या जिवावरच त्यांना तिथे जागा मिळाली होती, दोन वेळचं जेवण आणि घोड्यांशेजारची खाट. मी अड्याळचा, नववीतून शाळा सोडलेला. याआधी दोन कामं माझ्या हातून गेली होती, त्यामुळे हेही जाईल ही धास्ती पोटात कायम असायची.

खरं सांगायचं तर सुरुवातीला मला काकाजींची भयंकर किळस यायची. सकाळी उठल्याबरोबर ते घोड्याची ताजी लीद हातात घेत, फोडून बघत, नाकाशी नेत. कानातले गोचीड काढून अंगठ्याच्या नखावर फोडत आणि रक्ताचं बोट धोतराला पुसत. तेच धोतर आठवडाभर.

“काकाजी, हात तं धुवा.”

“धुतले ना.”

“कवा?”

“आंघोळ केली तवा.”

आंघोळ कधी केली हे विचारण्यात अर्थ नव्हता. गोचीड इतके का, असं विचारलं तर म्हणत, “जिल्हा तोडून दोन केले ना सरकारनं. जंगल गेलं गोंदियाकडे, गोचीड आपल्या वाट्याले आले.”

पाहुण्यांची किळस मात्र मलाही त्यांच्यासारखीच यायला लागली. घोड्याला चिप्स चारणारे, त्याच्या आयाळीला हात पुसणारे, पाळीवर बाटल्या फेकणारे. एकदा एक बाई घोड्यावर बसून, नाकाला रुमाल लावून मला म्हणाल्या, “भैया, ये नहाता नहीं क्या?”

“कोण?” काकाजींनी विचारलं. “मी का घोडा?”

बाई गोंधळल्या. काकाजी म्हणाले, “घोडा रोज आंघोळ करते, बाई. बसून राहा बिनधास्त.” आणि थुंकले. घोडा निघालाच. बाईंचा रुमाल तिथेच पडला.

त्या पावसाळ्यात लालीची पाठ लागली. ओलं खोगीर घासलं, कातडी सोलली, माशी बसली आणि चार दिवसांत जखमेत अळ्या पडल्या. मॅनेजर लांब उभा राहून म्हणाला, “काकाजी, दिवाळीच्या सीझनपर्यंत ही उभी राहिली तर ठीक. नाही तर घोडी घ्या आणि निघा. बसून खाणारं जनावर मालक ठेवत नाही.” काकाजींना दुसरं ठिकाण नव्हतं. गावात एक पडकं घर होतं, त्यात चूल पेटत नव्हती.

ते तसेच खाली बसले, सीताफळाचा पाला ठेचला आणि मला बोलावलं. “धर हिचा कान. हलू देऊ नको.” मग त्यांनी जखमेत बोट घातलं आणि अळ्या काढायला लागले. पांढऱ्या, जाड, वळवळणाऱ्या. वास असा की मी तिथेच ओकलो.

“झालं?” काकाजींनी विचारलं. “आता परत ये. अन् डोळे मिटू नको बे. तुले दिसलं नाही तं हात सुटते अन् तिले दुखते.”

मी डोळे उघडे ठेवले. दुसऱ्या दिवशीही ओकलो. मग ओकारी आली तरी पोटातच राहायला लागली. पुढे तर पाला मीच ठेचायचो, जखम मीच धुवायचो. त्या दिवसांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली. जगातल्या सगळ्या वस्तूंवर थुंकणारा हा माणूस त्या जखमेसमोर कधी थुंकला नाही. तोंडातला खर्रासुद्धा आधी लांब जाऊन टाकून यायचा आणि मग बसायचा. तिच्याशी बोलायचा तेही हळू, “झालं माय, झालं, एवढं झालं का सोडतो.”

दिवाळी आली तेव्हा पाठ बरीच भरली होती. वर गुलाबी पापुद्रा धरला होता, आत मात्र अजून ओलं होतं. “अजून पंधरा-वीस दिवस हिच्या पाठीवर झाडाचं पानसुद्धा ठेवायचं नाही,” असं मला बजावून काकाजी मलम आणायला सायकलनं साकोलीला गेले. आणि नेमकी नागपूरची पार्टी आली. त्यातल्या एका जाड्या साहेबांना फोटोसाठी तांबडीच घोडी पाहिजे होती. मॅनेजरनं स्वयंपाक्याच्या मदतीनं लालीच्या पाठीवर दोन घोंगड्या टाकल्या, वर खोगीर कसलं.

“साहेब, पाठ कच्ची आहे तिची,” मी म्हणालो.

“तू डॉक्टर आहे का? लगाम धर अन् चाल.”

मी लगाम धरला. पाळीवर गेलो तोवर लाली तिरकी चालायला लागली होती. साहेब वरून म्हणाले, “काहीतरी मेलंय वाटते तलावात. काय घाण वास येऊन राहिला.” मी घोंगडीखाली हात घातला. बोटं ओली, चिकट होऊन बाहेर आली. मला माझी नोकरी जाताना समोर दिसत होती आणि तरीही तोंडातून निघून गेलं, “साहेब, उतरा.”

“काहून?”

“उतरा तुम्ही.”

ते उतरले, बूट चिखलात रुतले, आणि जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात समोरून काकाजींची सायकल आली. त्यांनी सायकल पाळीवरच आडवी टाकली, पोटाखालचा तंग सोडला, खोगीर उतरवलं. घोंगडी उचलली तशी नवी कातडी तिला चिकटून निघाली. लालीच्या पायांत थरथर भरली. काकाजींनी घोंगडी खांद्यावर टाकली, लगाम माझ्या हातात तसाच ठेवला आणि कॅम्पकडे चालायला लागले. साहेब शिव्या घालत आधीच पुढे गेले होते; मी लालीला घेऊन मागोमाग शेडच्या दारापर्यंत गेलो.

शेडमध्ये जेवणं चालू होती, साहेबही ताटावर बसले होते. काकाजींनी घोंगडी रस्सा आणि भाताच्या भांड्यांमध्ये, टेबलावर पसरली. आतली बाजू वर.

“घ्या,” ते म्हणाले. “याचा काढा फोटो.”

एक बाई तोंड दाबून बाहेर पळाल्या. पोरं रडायला लागली. त्या वासानं मीसुद्धा ओकलो असतो, पण त्या दिवशी मला किळस आली ती भातावर हात तसाच ठेवून ‘आमचा मूड खराब केला’ म्हणणाऱ्या त्या साहेबांची. मॅनेजर माझ्याकडे वळला. “गेस्टला कोणी उतरवलं?”

मी तोंड उघडलं, पण काकाजी आधी बोलले. “म्या उतरवलं. हे पोट्टं तं नाही म्हणत होतं.”

साहेब काही बोलायला गेले. काकाजींनी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पाणी प्यायला लागले.

दुपारीच दोघांना काढलं, काकाजींना आणि लालीला. मी हायवेपर्यंत सोडायला गेलो. काकाजी सायकलवर बसले नाहीत. एका हातात हँडल, एका हातात दोर.

“तुम्ही काहून खोटं बोलले?” मी विचारलं.

“तुले नोकरी पाहिजे होती. मले घोडी पाहिजे होती. दोघांलेही भेटलं ना?” मग म्हणाले, “मागे फिर. घोड्यांचं पाणी राहिलं.”

त्या नोकरीनं मला घोड्याचं काम दिलं. पुढे कॅम्प बंद पडला, पण त्याच कामावर मी इथे, घाटावरच्या या थंड गावात, पाहुण्यांना घोड्यावरून फिरवतो. घरापासून दोन रात्रींच्या अंतरावर. इथे मखमली झुली असतात, गोंडे असतात आणि त्यांच्याखाली कित्येक पाठी कुजत असतात. नाक मुरडून पुढे जाणारे पुष्कळ. मी रोज सकाळी झूल उचलतो. मालक चिडतात, मला भीती वाटते, तरी उचलतो.

काकाजी गेल्याचं मला फोनवर कळलं. जाता आलं नाही. पण इकडे यायच्या आधी एकदा त्यांच्या गावी जाऊन आलो होतो, ते बरं झालं. घराला नवे पत्रे होते, धोतर तसंच होतं. लाली तलावाच्या काठाला चरत होती. जिथे जखम होती तिथे तांबड्या पाठीवर तळहाताएवढ्या जागेत पांढरे केस उगवले होते. काकाजी म्हणाले, “हात लाव.” मी लावला. खाली कातडी घट्ट होती, उन्हानं तापलेली. लालीनं कानसुद्धा हलवला नाही.

“आता बसते का कोणी हिच्यावर?” मी विचारलं.

“बसते ना,” काकाजी म्हणाले. “बगळा.”