प्रत निघेपर्यंत थांबा

"मुगीता?" संपलं का, एवढंच ते कन्नडमध्ये विचारायचे आणि मी "झालं" म्हणायच्या आत नाही म्हणून मान हलवायचे. म्हैसूरच्या आमच्या ऑफिसात 'झालं' हा शब्द आम्ही उठता-बसता वापरायचो. त्यांना तो चालत नसे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेल. त्याच्यामुळे काम चालतं आणि सगळे वैतागतातही त्याच्यावरच.

मी सांगलीची, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर. ते म्हैसूरच्याच जुन्या अग्रहार भागातले, पिढ्यान्‌पिढ्या तिथलेच. काम आमचं डिस्कच्या ड्रायव्हरचं, म्हणजे डिस्कवर लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या प्रोग्रॅमचं, कॉम्प्युटरच्या गाभ्यातलं, कर्नलच्या पोटातलं. डिस्कवर नवं लिहायच्या आधी तिथलं जुनं उचलून दुसरीकडे ठेवायचं, म्हणजे उद्या कोणी 'कालचं द्या' म्हटलं तर देता येतं. ही प्रत निघेपर्यंत नवं लिखाण रांगेत थांबतं आणि प्रत निघाली की त्याला हाक मारायची. इतकं सोपं, म्हणूनच त्यात सगळे माती खातात.

"आमचे आज्जा कापड छापायचे अगं," ते सांगायचे. "पहिला रंग ओला असताना दुसरा ठसा मारलास, तर दोन्ही सुम्मने, उगीच वाया." हे पुराण मी इतक्यांदा ऐकलं, की आज्जांपेक्षा मीच बरं छापलं असतं.

साहेबांना मात्र रंग वाळेपर्यंत दम नव्हता. त्यांना वेग हवा होता. माणसं कमी करायचा हुकूम वरून आला होता आणि संथ लोक आधी जाणार होते. शेजारचे आमचे ते नंजनगूडला बहिणीकडे दोन दिवस कार्याला गेले, तेवढ्यात साहेबांनी मला विचारलं, हे लिखाण थांबतं तरी कशाला? मी अतिशहाणी. मी थांबणंच काढून टाकलं. प्रत निघायला लागली की ती संपायची वाट न बघता लिखाण पुढे सोडायचं. ड्रायव्हर सुसाट पळाला. केक आला. तो बिनअंड्याचा होता, तेवढी मात्र काळजी घेतली होती.

परत आल्यावर त्यांनी एकच चाचणी केली. ड्रायव्हरकडे कालचं मागितलं, तर त्यात निम्मं आजचंच निघालं. त्यांनी साहेबांना दाखवलं. साहेब म्हणाले, तुम्हाला कोणाचा वेग बघवतच नाही. आठवड्यात यादी लागली, त्यात ते होते. चूक माझी होती, हे मला पक्कं ठाऊक होतं, आणि मी मूग गिळून बसले. घराचे हप्ते, वगैरे. कारणांना काय तोटा?

शेवटच्या दिवशी ते माझ्या मशीनवर येऊन बसले. डिस्कच्या ज्या तुकड्याची प्रत निघतेय, त्यावरचं लिखाण तेवढं थांबेल आणि बाकीचं पळत राहील, असं त्यांनी करून दिलं. वेगही फारसा गेला नाही. मग माझ्याच नावानं ते पाठवून दिलं.

"तुमचं नाव घाला ना," मी म्हटलं.

"माझं बघून उघडणार पण नाहीत. तुझं वाचतात." डबा पिशवीत घालून ते निघाले. मला रडू येत होतं आणि मी स्क्रीनकडे बघत बसले होते.

चार महिन्यांनी आमचा ड्रायव्हर वापरणाऱ्या एका प्रयोगशाळेनं जुने अहवाल परत मागितले. सगळेच्या सगळे धड निघाले. मीटिंगमध्ये माझ्या नावानं टाळ्या पडल्या. या खेपेला मात्र मी उठले. हे काम माझं नाही, मी मोडलेलं त्यांनी दुरुस्त केलं, असं म्हणून मी त्यांचं नाव घेतलं.

साहेबांनी जरा आठवून बघितलं.

"ते कोण?"

नऊ वर्षं ते साहेबांच्याच हाताखाली होते.