आमच्या नाल्याचा ब्रूक झाला तेव्हा

ब्रूक म्हणजे छोटा ओढा, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी कळलं आणि आमच्या घरावर संकट आलं.

गोंदिया जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमच्या वनितासाठी तिकडचं, म्हणजे आता परजिल्ह्यातलं (!) स्थळ आलं. मुलाची आई शाळेत इंग्रजी शिकवायची. अशा बाईपुढे सानगडीची मी कमी पडू? वनिताच्या पुस्तकातून शब्द उचलला आणि साकोलीच्या फोनबूथवरून ठोकून दिलं, "आमच्या घरामागंच ब्रूक आहे!"

"अगंबाई! मग पाहायलाच येतो." (मुलगी की ब्रूक, ते विचारायचं राहिलं.)

घरी येऊन पुस्तक नीट वाचलं. ब्रूक वाहता हवा! आणि आमच्या नाल्यात वैशाखात म्हशी धुळीनं आंघोळ करायच्या.

"आई, सरळ नाला म्हन ना! खोटं निघालं तर मले नापसंत करतीन," वनिता रडकुंडीला आली. मुलाचा फोटो पाहून पोरगी आधीच विरघळली होती.

मी नवऱ्याकडे वळले. "आवो, शेतातल्या बोडीची पाळ जराशी फोडा. झुळझुळ पानी येईल इतकीच."

"येडी झाली का? तळं रिकामं केल्यावर ढोरायले काय तुह्या ब्रूकातून पाजू?"

"लगन पोरीचं आहे का ढोराचं?"

पाहुणे यायच्या दिवशी बिचारे फावडं घेऊन निघाले.

पोहे झाले. पाहुणे नाल्यात उतरले. "कुठाय ब्रूक?" मुलाच्या आईनं विचारलं.

"येऊन राहिला!" मी म्हणाले. जशी काही साकोलीची बस!

आला. झुळझुळ कसला, धडाडधूम! पाळीला पाडलेलं जरासं भगदाड पाण्यानं स्वतःच रुंद करून घेतलं होतं. चिखल, शेवाळ आणि बोडीतले झाडून सगळे मासे! "मासोऱ्या आल्या वो!" करत अख्खा मोहल्ला टोपल्या घेऊन नाल्यात. बाई गुडघाभर चिखलात, त्यांच्या चपला प्रवासाला निघालेल्या! आणि मुलगा? पँट वर खोचून मासे धरत होता. वनिता टोपली धरून उभी. मासा सुळकन निसटायचा आणि दोघं खिदळायची.

मी हात जोडले. "पोरीचा काही दोष नाही जी. सारं डोकं माझं!"

बाईंनी चष्म्यावरचा चिखल पुसला. "इतक्या मुली पाहिल्या, पण माझं पोरगं कुठं हसलं नव्हतं. मुलगी पसंत!"

लग्न थाटात झालं. वनिताच्या घरी गेले, की विहीणबाई अजूनही पाण्याचा पेला माझ्या हातात आणून देतात. मानपानाचा भाग नाही हो! मी नळाकडे नुसती वळले, तरी नातवंडं ओरडतात, "आजी, तोटीले हात नको लावू!"