लाकडाच्या वाटेवरच्या बोरी

पुण्याहून सकाळच्या एसटीने निघालो आणि बार्शीला उतरलो, तेव्हा सलीम स्टँडवर उभा होता. कॉलेजात आम्ही एका बाकावर बसायचो. आता तो टेम्पो चालवतो. त्याचा धाकटा भाऊ युनूस गेल्या पावसाळ्यात गेला. त्यानंतरची ही पहिलीच भेट.

त्याच्या टेम्पोतून निघालो. काळी शेतं संपून मुरमाड टेकड्या लागल्या. खैर, हिवर विरळ उभे होते. एके काळी इथून लाकडाचे ट्रक उतरत. तोड बंद झाली, वाट तशीच राहिली. चाकोऱ्यांतून पाणी धावत गेलं आणि वाटेची माणूसभर खोल घळ झाली. वरच्या वस्तीला तीच जवळची वाट, त्यामुळे लोक तिथूनच जात. युनूसची मोटरसायकल तिथेच कोसळली.

युनूसची बायको रेहाना आणि वाडीतल्या काही बायका तिथे काम करत होत्या. वनखात्याच्या परवानगीने त्यांनी घळीत अनघड दगडांचे आडवे बांध घातले होते. काठावर मारवेल (चाऱ्याचं गवत), बोर, करवंद लावलं होतं.

"बोरच का?" मी विचारलं.

"तितरं, ससं खात्यात," रेहाना म्हणाली. "आनि काट्यात कोन गाडी घालत न्हाय."

शेंगाचटणी आणि कडक भाकरी खात बसलो होतो, तेवढ्यात वरच्या वस्तीवरचे दगडूअण्णा आले. त्यांना हे काम पसंत नव्हतं.

"मुरूम टाकून घळ बुजवा की. माझ्या सुनंचं दिवस भरत आल्यात. लांबच्या रस्त्यानं दवाखाना कवा गाठायचा?"

रेहानाने भाकरी खाली ठेवली. "आमचं मालक गेलं तवाबी मुरूमच टाकलेला हुता, अण्णा. पान्यानं खालनं पोकळ केलं. वरनं कळलं न्हाय."

अण्णा तिथेच एका दगडावर टेकले.

मग पावसाची सर आली. पाणी बांधांवरून संथ उतरत होतं, पण मधला एक बांध ढासळला. सगळे धावलो. मी चिखलात घसरून गुडघा फोडून घेतला. अण्णा शेवटपर्यंत दगड देत राहिले. पाऊस थांबल्यावर रेहाना त्यांना म्हणाली, "सुनंला आदीच माझ्याकडं आना. माझं घर खाली, डांबरीला लागून हाय. सलीमभाईचा टेम्पो दारातच असतो."

अण्णा हाताचा चिखल पुसत वस्तीकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघालो, तेव्हा अण्णांची सून बोचकं घेऊन रेहानाच्या ओसरीत बसली होती. रेहाना आतून युनूसची खाट ओढून आणत होती. "जड हाय, राहू द्या की वैनी," सून म्हणाली. रेहानाने ऐकलं नाही. खाटेवर धुतलेली गोधडी पसरली आणि हाताला धरून तिला निजवलं.

एसटीच्या खिडकीतून ती टेकडी बराच वेळ दिसत राहिली. बोरींना फळ धरायला अजून काही पावसाळे जातील. तोवर, आणि त्यानंतरही, लांबच्या रस्त्यानेच जायचं, हे त्या दोन घरांनी मान्य केलं होतं.