शकु हिवाळेचा जुना लॅपटॉप

घाटकोपरच्या पंतनगरात राहणाऱ्या शकु हिवाळेने वयाच्या अडतिसाव्या वर्षी कॉम्प्युटरवर नकाशे काढायला शिकून घेतलं. त्याआधी पंधरा वर्षं ती ट्रेसिंग पेपरवर शाईने रेघा मारायची. ऑफिसातल्या पोरांनी तेव्हा पैज लावली होती, बाई महिन्यात पळ काढणार. पोरं नोकऱ्या बदलत गेली आणि शकु टिकली. आता चोपन्नाव्या वर्षी ती मुलुंडच्या एका आर्किटेक्ट ऑफिसचे पुनर्विकासाचे नकाशे घरी बसून करून द्यायची.

तिथला मॅनेजर हर्षद तिच्या मुलाच्या वयाचा. एकदा ऑफिसात त्याच्यासमोर तिने आपल्या लॅपटॉपवर फाइल उघडली, तर सात मिनिटं नुसतं चक्र फिरत राहिलं.

"काकू, प्रोसेसर अपग्रेड करा नाहीतर नवीन मशीन घ्या," तो म्हणाला. "पुढच्या महिन्यापासून जुन्या मशीनवाल्यांना काम नाही."

त्याने सांगितलेल्या दुकानात ती गेली. दुकानदाराने लॅपटॉप उघडायचेही कष्ट घेतले नाहीत. प्रोसेसरसाठी अख्खा बोर्ड बदलायचा, बेचाळीस हजार, गॅरंटी नाही.

"आत काय बिघडलंय ते न बघताच?" शकुने विचारलं.

"मॅडम, तुम्हाला नाही कळणार ते."

लॅपटॉप पिशवीत घालून ती उठली. पुढचे चार दिवस काम करता करता तिने कुठल्या भागावर किती ताण पडतोय ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडा ठेवला आणि आकडे वहीत लिहिले. प्रोसेसर तीस टक्क्यांच्या वर क्वचितच जाई. मेमरी मात्र काठोकाठ भरलेली, आणि डिस्क सतत शंभर टक्क्यांवर.

वही आणि लॅपटॉप घेऊन ती स्टेशनजवळच्या धाकूकडे गेली. टीव्हीपासून मोबाइलपर्यंत सगळं दुरुस्त करणारा मालवणी माणूस. त्याने आकडे वाचले, लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं.

"प्रोसेसर बोर्डाकच चिकटलेलो आसा, बाय. तो बदलूचो नाद सोड. तो बिचारो बसान आसा, काम ह्या म्हाताऱ्या डिस्कवर अडाकलाहा."

त्याने जुनी डिस्क काढून एसएसडी ही वेगवान डिस्क बसवली, मेमरी वाढवली. खर्च नऊ हजारांच्या आत राहिला.

दुसऱ्या दिवशी शकु मुलुंडला गेली आणि हर्षदच्या टेबलावर तीच फाइल उघडली. मिनिटाच्या आत नकाशा पडद्यावर आला.

हर्षदने नकाशा वरखाली सरकवून पाहिला. "झालं ना फास्ट. पण काकू, नियम सगळ्यांना सारखा. मशीन नवीनच पाहिजे."

"मग तसं लिहून दे. नकाशात चूक नाही, उशीर नाही, फक्त मशीन जुनं म्हणून काम बंद."

"लिहून कसं देऊ?"

"देता येत नसेल तर तो नियम नाही रे, तुझी इच्छा आहे. माझ्या कामात चूक काढ, ती मी ऐकून घेईन. मशीन माझं, ते मी बघीन."

काम गेलं, असंच घरी परतताना तिने मनाशी धरलं होतं. तरी बोललेल्यातला एकही शब्द तिला परत घ्यावासा वाटला नाही.

तिसऱ्या दिवशी मेलवर नवीन फाइल आली, नियमाबद्दल अवाक्षर नाही. पुढे ऑफिसने सगळ्यांना एक फॉर्म भरायला दिला. त्यात 'प्रोसेसर कोणता' असा रकाना होता. शकुने त्यात लिहिलं, 'पुरेसा'.