तीन घासलेले, एक नवा
धानोऱ्यापासून आत, जंगलातल्या आमच्या गावात पावसाळ्यात बस येत नाही. मोठ्या बहिणीच्या किडन्या निकामी झाल्या आणि आठवड्यातून दोनदा तिला गडचिरोलीला डायलिसिसला न्यायची वेळ आली, तेव्हा मी जुनी, पण चारही चाकांनी ओढणारी गाडी घेतली. चिखलातून ती अशी निघायची की बहीण मागच्या सीटवरून म्हणायची, "बाबू, हे तं रेड्यावानी चालते." मी फुगायचो.

जन्मभर मी जीप चालवली. तेंदूपत्त्याची बोदं म्हणजे पोती, लग्नाची वऱ्हाडं, बाळंतिणी, सगळं वाहिलं. जीपवाल्यांचा नियम सोपा असतो. ओढतात मागची चाकं, म्हणून चांगला टायर मागे टाकायचा. पुढचा घासून गोटा झाला तरी चालतो. एक फाटला की एकच बदलायचा.

श्रावणात एका तोडलेल्या बांबूच्या खुंटानं मागच्या टायरची कड फाडली. बाकीचे तीन निम्मे घासले होते आणि स्टेपनी कोरी होती. धानोऱ्याच्या म्हाताऱ्या पंक्चरवाल्यानं ती चढवली, पण जॅक काढण्याआधी सुतळी घेतली, नव्या टायरभोवती गुंडाळली, मग शेजारच्या जुन्याभोवती. उरलेलं टोक माझ्यापुढे धरलं. बोटाच्या पेराएवढं होतं.

"भाऊ, लहान घेराचं चाक जास्त फिरते, मोठं कमी. हे गाडी चारही चाकानं ओढते; चिखलात चाकं घसरून जाते, पन डांबरीवर मधातला गिअर त्याईच्या भांडणात जळते. दोन दिवस द्या मले, एवढाच घासलेला जुना टायर शोधून देतो."

"तुमी मले गाडी शिकवून राह्यले काय?" मी म्हणालो. त्याचं वय, त्याचे काळे पडलेले हात, काही पाहिलं नाही. त्यानं सुतळी गुंडाळली आणि जॅक काढला. फक्त दोन दिवस मागितले होते त्यानं.

नंतर वळणावर गाडी अडखळू लागली. लांब पल्ला झाला की जळका वास यायचा. बहीण म्हणाली, "काईतरी जळून राह्यलं."

"बाहेर कोनी पाला जाळत असंल," मी म्हणालो. भर पावसात! तिनं पदर नाकाला लावला. माझ्या मिजाशीपुढे ती नेहमीच असं नमतं घ्यायची.

पुढच्या आठवड्यात नाल्याला पूर आला आणि तिची डायलिसिसची एक खेप चुकली. पाय सुजले, आडवं झालं की श्वास लागायचा. पूर ओसरताच निघालो. नाला पार केला, चिखल पार केला. आणि मग गुळगुळीत डांबरी रस्त्यावर, जंगलाच्या मधोमध, खालून कडाड आवाज झाला आणि गाडी जागेवर आवळली. मागेही जाईना, पुढेही जाईना. मोबाइलला रेंज नव्हती.

बहीण पुढच्या सीटला दोन्ही हातांनी धरून, वाकून श्वास ओढत होती. मी वर्तमानपत्रानं तिला वारा घालत होतो आणि मनात स्वतःला आईबहिणीवरून शिव्या देत होतो. अडीच तासांनी एक पिकअप आली.

ती त्या दिवशी वाचली. पण डॉक्टर म्हणाले की छातीत पाणी फार वेळ राहिलं, हृदय खचलं. त्यानंतर तिचं चालणं बंद झालं.

त्या दिवशी मशीनवरून काढल्यावर तिनं माझा हात धरला होता. "गाडीच म्हातारी झाली रे, तू काय करशीन? लय केलं तू माह्यासाठी."

पंक्चरवाल्याचं मी ऐकलं नाही, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, "हो बाई, जुनीच होती."

दिवाळीच्या आधी ती गेली. तोवर येईल त्याला, धाप लागली तरी थांबत थांबत, ती माझे कष्ट सांगत राहिली, आणि मी तिच्या उशाशी बसून मान हलवत राहिलो.