लुसिया खुर्चीवरून उठली नाही

मंडळी, आत्ताच द हेगहून घरी आलेय आणि डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून थेट आपल्या इथल्या मराठी कम्युनिटीच्या ग्रुपवर लिहितेय.

लुसिया माझ्या ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. सान बेलो नावाच्या चिमुकल्या बेटावरची. तिथल्या पंतप्रधानांनी अचानक संसद बरखास्त करून निवडणूक लावली. परदेशातल्या लोकांचं मतदान आज त्यांच्या वकिलातीत होतं. मी तिच्या सोबतीला गेले.

अधिकाऱ्याने तिचा पासपोर्ट पाहिला. "यादीत तुमचं माहेरचं आडनाव आहे, पासपोर्टवर नवऱ्याचं. मत देता येणार नाही. पुढच्या निवडणुकीला या."

लुसिया समोरच्या खुर्चीत बसली. "लग्न केलं म्हणून माझा देश बदलला का? मत दिल्याशिवाय मी उठणार नाही."

"मॅडम, मागे रांग खोळंबलीय!"

रांगेतल्या एक आजी मोठ्याने म्हणाल्या, "खोळंबू दे. आम्हाला घाई नाही."

कुणीही हललं नाही. तासाभराने अधिकाऱ्याने बेटावर फोन लावला, तिचा जुना पासपोर्ट ताडून पाहिला आणि मुकाट्याने मतपत्रिका पुढे केली. अख्ख्या रांगेने टाळ्या वाजवल्या.

ट्राममध्ये लुसियाने विचारलं, "तुम्ही भारतीय इथून मत कसं देता?"

"आम्हाला इथून देता येत नाही. मतासाठी भारतात जावं लागतं."

"मग तुम्ही काय केलंत?"

खरं तर काहीच केलं नव्हतं, साधी तक्रारही नाही.

आता परदेशातूनही मत देऊ द्या, असा दिल्लीला निवडणूक आयोगाकडे पाठवायचा अर्ज लिहायला घेतलाय. उत्तर येवो न येवो, मी गप्प बसणार नाही. खाली पहिली सही माझी. तुमच्यापैकी कोण करतंय?